अर्धं चाक, नुसती चिमणी

शाहू मिलचा विषय कोल्हापुरात निघाला की वाद कुठल्या वळणानं जाणार हे आधीच सांगता येतं. एक बाजू म्हणते, १९०६ साली उभी राहिलेली आणि २००३ साली बंद पडलेली गिरणी, शहराच्या मध्यात सुमारे २७ एकर जागा अडवून बसली आहे. पाडा आणि पोरांच्या हाताला काम देणारं काहीतरी उभं करा. दुसरी बाजू म्हणते, राजर्षी शाहूंनी उभी केलेली गिरणी आहे ही, एका दगडाला हात लावायचा नाही. तास-दोन तास तापल्यावर कुणीतरी समजूतदार माणूस मधला मार्ग काढतो: चिमणी ठेवू, दर्शनी दगडी भिंत ठेवू, बाकीचं मोकळं करून बाग करू, रात्री दिवे सोडू. दोन्हीकडचे लोक माना डोलावतात. आणि नेमका हाच तोडगा सगळ्यांत वाईट आहे.

वाईट अशासाठी, की दोन्ही बाजू गिरणीला वाडा समजून भांडतात. वाड्याचा दरवाजा राखला तर थोडा तरी वाडा राहतो. गिरणी हे एक मोठं यंत्र असतं आणि भिंती, छप्पर, चिमणी हे त्याचे सुटे भाग असतात. घड्याळातला एक काटा काढून भिंतीला टांगला तर घड्याळ जपलं असं कुणी म्हणेल का? औद्योगिक वारसा राखायचा तर कामाची साखळी राखली पाहिजे: माल कुठून आला, ताकद कुठं तयार झाली, ती कशी पोचली, माणूस कुठं उभा होता. ती राखणं शक्य नसेल तर निदान पाडण्याआधी मोजून, काढून, लिहून ठेवली पाहिजे. याखेरीजचं सगळं म्हणजे सुशोभीकरण.

सुशोभीकरणाचा शेवट कसा होतो हे बघायला कोळशाच्या मुलखात जावं लागतं. ब्रिटनमध्ये १९४७ साली कोळसा उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा साडेनऊशेच्या आसपास खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला, त्यानंतर भराभर खाणी बंद झाल्या आणि शेवटची खोल खाण, केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये थांबली. खाणीच्या तोंडावरचा चाकांचा मनोरा, डोली वरखाली करणारं इंजिनघर, बत्तीघर, कामगारांच्या अंघोळीची घरं, बहुतेक ठिकाणी सगळं सपाट झालं. गावांना काय मिळालं? मनोऱ्यावरच्या चाकाचा अर्धा भाग, सिमेंटात गाडलेला, रंग दिलेला, भोवती फुलझाडं. इंग्लंड-वेल्सच्या खाणगावांतून फिरताना अशी अर्धी चाकं वेशीवेशीवर दिसतात. या चाकावरून एक दोर गेला होता, दोराच्या एका टोकाला इंजिन होतं आणि दुसऱ्या टोकाला डोलीत दाटीवाटीनं उभी माणसं, हे त्या अर्ध्या चाकाकडे बघून कुणाला कळणार? आपली एकटी चिमणी म्हणजे तेच अर्धं चाक.

वाफेवरच्या कापड गिरणीची साखळी समजून घेतली तर मुद्दा स्पष्ट होईल. कोळसा रेल्वेनं यायचा. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ चा, तो नसता तर इथं वाफेवर मोठी गिरणी चालवणं परवडलंच नसतं. वाघिणीतून कोळसा यार्डात, तिथून बॉयलरपुढे. त्या काळच्या गिरण्यांतला नेहमीचा लँकेशायर बॉयलर म्हणजे साधारण तीस फूट लांब, आठ फूट व्यासाचा आडवा पिंप, पोटात आरपार दोन नळकांडी, त्यांच्या तोंडाशी जाळी आणि जाळीवर जाळ. जळालेला वायू पिंपाखालच्या विटांच्या बोगद्यांतून फिरून चिमणीकडे जायचा. चिमणीचं काम नुसता धूर वर सोडण्याचं नव्हतं. ती जाळाला हवा ओढून द्यायची. तिची उंची वास्तुविशारदाच्या हौसेनं ठरत नसे, किती बॉयलरना किती ओढ लागते यावरून ठरे. वाफ इंजिनात, इंजिनाच्या अजस्र चाकावरून सुती दोर, दोरांवरून शाफ्ट (फिरता दांडा), शाफ्टवरून पट्टे, पट्ट्यांवर माग. त्याच वाफेवर भोंगा. ज्या भोंग्यावर शहरातली घड्याळं लागायची तो या साखळीचं एक टोक होता. आता बॉयलरघर पाडलं, बोगदे बुजवले, इंजिनघर मोकळं केलं आणि चिमणी ठेवली, तर उरतो तो विटांचा निकामी खांब. त्याला मनोरा म्हणा, मिनार म्हणा.

यावर पहिला आक्षेप येतो तो सगळ्यांत वजनदार आहे आणि तो सहसा वारसाप्रेमी मंडळींना ऐकू जात नाही. ज्यांनी तिथं घाम गाळला त्यांना विचारा, तो म्हणतो. गिरणीच्या खात्यात (विभागात) कापसाचे तंतू छातीत जाऊन बिसिनोसिस, फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूच्या धुळीनं सिलिकोसिस, मागांच्या आवाजानं बहिरेपण. खाणीत तर मरणच. धनबादजवळच्या चासनाल्यात २७ डिसेंबर १९७५ ला पाणी फुटलं आणि ३७० हून जास्त माणसं आत राहिली. गिरणी बंद पडल्यावर देण्यांसाठी चपला झिजवणाऱ्या कामगाराला तुम्ही करवतीच्या दात्यांसारख्या छपराचं सौंदर्य सांगणार? हा आक्षेप मान्य आहे, संपूर्ण मान्य. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. मागांमध्ये किती अंतर होतं, खिडक्या का उघडत नव्हत्या (सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागे), एका माणसाला किती माग बघावे लागत, हे सगळं त्या खात्याच्या जमिनीवर लिहिलेलं असतं. खातं पाडून बाग केली की पुरावा जातो आणि मालकाची कोनशिला तेवढी राहते. चासनाल्याचं पाणी आलं ते जुन्या, सोडून दिलेल्या, पाणी भरलेल्या कामांतून. २००१ साली धनबादजवळच्याच झरिया कोळसापट्ट्यातल्या बागडिगीत २९ जण गेले, तेही शेजारच्या जुन्या खाणीतलं पाणी घुसल्यानं. जुनं काम कुठं होतं आणि कुठवर गेलं होतं याची नीट नोंद ही कोळशाच्या मुलखात हौसेची गोष्ट कधीच नव्हती.

दुसरा आक्षेप पैशाचा. रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत, पंचगंगेत नाले मिसळतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरानं शहराचं कंबरडं मोडलं, आणि तुम्हाला गिरणीचं संग्रहालय हवंय? शिवाय संग्रहालयं चालत नाहीत. हेही खरं. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरची चॅटरली व्हिटफील्ड ही वर्षाला दहा लाख टन कोळसा काढणारी तिथली पहिली खाण. १९७९ मध्ये तिथं संग्रहालय झालं, प्रत्यक्ष जमिनीखाली नेणारं. शेजारची खाण बंद झाल्यावर तिचे पाणी उपसणारे पंप थांबले, भूगर्भातलं पाणी चढू लागलं, खालची सफर बंद करून वर नकली बोगदा बांधावा लागला आणि १९९३ साली सगळंच बंद पडलं. जर्मनीच्या रूहर खोऱ्यात जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली आहे. तिथं शेवटची खाण २०१८ मध्ये बंद झाली तरी पंप कायमचे चालू ठेवावे लागतात. असला खर्च आपल्या महापालिकेच्या अंगावर टाकावा असं कोण म्हणेल?

पण संग्रहालय हा एकच पर्याय आहे असं धरून चालणं हीच या वादातली आळशी सवय आहे. एसेन शहरातली त्सोल्फराइन खाण १९८६ च्या डिसेंबरात बंद झाली. १९३२ चा तिचा बारा नंबरचा शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर), त्यावरचा मनोरा, वॉशरी (कोळसा धुण्याची इमारत), बॉयलरघर हे सगळं राज्य सरकारनं घेतलं. बॉयलरघरात डिझाइनचं प्रदर्शन आलं, वॉशरीत पुढे प्रादेशिक संग्रहालय, बाकी इमारतींत कार्यालयं आणि कार्यशाळा. २००१ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की कोळसा नेणारे पट्ट्यांचे पूल तोडले नाहीत. कोळसा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं माणसाला चालता येतं. म्हणजे उपयोग बदलला, साखळी तशीच राहिली. वेल्समधली बिग पिट १९८० मध्ये बंद झाली, १९८३ मध्ये लोकांसाठी उघडली. नव्वद मीटर खाली डोलीतून जायचं तर काड्यापेटी, घड्याळ, मोबाइल वरच ठेवावं लागतं, कारण कायद्यानं ती अजून खाणच आहे. लोक तिथं जातात ते या खरेपणासाठी.

आणि एवढ्या लांब तरी कशाला? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडले की अख्खा जिल्हा बातमी वाचतो. पाणी ठराविक पातळीला गेलं की सात दरवाजे आपोआप उघडतात, वीज लागत नाही, बटण लागत नाही. हा औद्योगिक वारसा आहे आणि तो टिकला आहे तो कामावर असल्यामुळे. त्याला कुणी पुष्पहार घालतं म्हणून नव्हे. खासबाग मैदान १९१२ चं. तिथं कुस्त्या होतात म्हणून तिथली माती जिवंत आहे. गिरणीची करवती छपरांची खाती म्हणजे मोठाले, मोकळे, वरून उत्तरेचा सौम्य उजेड देणारे मंडप. कापड उद्योगाला, हातमागाला, चप्पल-कारागिरांना, तंत्रशिक्षणाला आज अशीच जागा लागते. नवीन बांधायची तर पैसे मोजावे लागतील. इथं ती उभी आहे. अट एवढीच, की आत येणाऱ्यानं शाफ्टच्या ब्रॅकेटच्या खुणा, जमिनीतले यंत्रांचे बोल्ट आणि तेलानं काळी पडलेली फरशी टाइल्सखाली गाडायची नाही. खाली पाया तसाच, वर हलकी उचलता येण्याजोगी जमीन. हे जमतं.

तिसरा आक्षेप धोक्याचा. जुनी चिमणी पडली तर? ॲस्बेस्टॉसचं काय? इथं मात्र भीती आणि अज्ञान यांची भेसळ आहे. चालू चिमणी स्वतःला वाळवत असते. आतला गरम धूर ओल टिकू देत नाही. गिरणी बंद पडली की चिमणी थंड होते आणि तिचं दुखणं सुरू होतं. कोळशाच्या धुरातलं गंधक पन्नास-साठ वर्षं विटांत मुरलेलं असतं. पाऊस लागला की त्याचे क्षार होतात, सांध्यातला माल फुगतो, आणि आपल्याकडे पाऊस एकाच बाजूनं, नैर्ऋत्येकडून झोडपत असल्यानं तीच बाजू जास्त फुगते. चिमणी वाकते ती अशी. वरच्या काही मीटरमध्ये हे सगळ्यांत आधी घडतं. त्यावर पिंपळ उगवतो. तो उपटायला गेलं की मुळांबरोबर विटाही येतात, म्हणून बुंधा कापून औषध भरायचं आणि मुळं वाळू द्यायची. विजेच्या वाहकाची तांब्याची पट्टी तर बंद आवारातून पहिल्या वर्षीच चोरीला जाते. मग कंत्राटदार येतो आणि सिमेंटनं सांधे भरतो. सिमेंट विटेपेक्षा कठीण, ओल आत अडकते, विटांचे पापुद्रे सुटतात आणि पाच पावसाळ्यांत चिमणी आधीपेक्षा वाईट होते. इलाज माहीत आहे: वर पावसाची टोपी, चुन्याचे सांधे, लोखंडी पट्ट्यांची तपासणी, नवी वीजवाहक पट्टी, ओळंब्याची दरवर्षी नोंद.

छपराचं तर याहून सोपं. करवती छपराच्या दोन उतारांमध्ये पन्हळ असते. कबुतरांची घाण आणि पाला यांनी ती बुजली, की पाणी कैचीच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या सांगाड्याच्या, टोकाशी साचतं. एका जूनमध्ये डाग पडतो, तिसऱ्या जूनमध्ये लाकूड कुजतं, सातव्या-आठव्या जूनमध्ये कैची बसते आणि वर्तमानपत्रात ‘धोकादायक इमारत कोसळली’ अशी बातमी येते. मे महिन्यात दोन माणसं आणि एक शिडी एवढाच तो खर्च होता. ॲस्बेस्टॉस खरंच घातक आहे, ते ओलं करून, न फोडता, प्रशिक्षित माणसांकडूनच काढलं पाहिजे; पण पाडकामात ते जेसीबीनं फोडून शहरभर उडवणं अधिक सुरक्षित आहे असं ‘पाडा’वाल्यांना वाटतं की काय, देव जाणे.

आता ‘हात लावायचा नाही’ म्हणणाऱ्यांकडे वळू, कारण नुकसान त्यांनीही कमी केलेलं नाही. हात न लावता ठेवलेली वास्तू म्हणजे मंद गतीनं पाडलेली वास्तू. मुंबईत काय झालं? जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगाव थंडावलं. १९९१ च्या नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीचे तीन हिस्से ठरवले: एक शहराला मोकळी जागा, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणीला धरायची ती फक्त आधीच मोकळी असलेली जमीन, असा अर्थ झाला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. लोक भावना, अस्मिता, कामगारांचा घाम यांवर बोलत होते तेव्हा दुसरीकडे एका कलमातले चार शब्द बदलत होते. आज मॉलच्या मध्ये एखादी चिमणी दिसते. भावनेवर उभी राहिलेली चळवळ तपशिलावर हरते, ती अशी.

कोल्हापूरलाही हा धडा मिळालेला आहे. जयप्रभा हा जुना चित्रपट स्टुडिओ वाचवायला शहर रस्त्यावर उतरलं, चांगलंच केलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा माणसं रडली आणि दुसऱ्या दिवसापासून मागणी सुरू झाली: होतं तसं उभं करा. पण होतं तसं करायचं तर होतं कसं, याची मापं लागतात. कुठली तुळई किती जाड, छपराचा उतार किती, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत का पोचायचा. आग लागण्याआधी केलेली मोजणी आणि नंतर आठवणींवरून केलेली मोजणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शहरातल्या किती कारखान्यांची अशी मोजणी करायला आपण आगीची वाट बघणार आहोत?

भारतातल्या कोळशाची गोष्ट तर मोजणीशिवाय गेलेल्या वारशाचीच आहे. राणीगंज पट्ट्यात कोळसा काढायला १७७४ मध्ये सुरुवात झाली. द्वारकानाथ टागोरांच्या कंपनीनं १८३० च्या दशकात तिथली खाण घेतली. आपल्या विदर्भात वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद झाली, शाहू मिल जन्मली त्याच वर्षी. ब्रिटनमध्ये खाणी बंद झाल्या म्हणून इमारती गेल्या. आपल्याकडे खाणी चालू राहिल्या म्हणून गेल्या. जुन्या भूमिगत खाणींत छत तोलायला कोळशाचेच खांब सोडलेले असत. राष्ट्रीयीकरणानंतर उघड्या खाणी वाढल्या, आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा तसाच निघतो, आणि ते खांब काढायला वरून खणत आलं की चानक (खाणीचा शाफ्ट), बत्तीघर, बंगला, देऊळ सगळं त्याच खड्ड्यात जातं. देशाला कोळसा लागतो, खड्डा थांबवा असं म्हणण्यात अर्थ नाही. पण खणण्याआधी चार माणसं टेप आणि कॅमेरा घेऊन महिनाभर फिरली असती तर किती टन कोळसा कमी पडला असता?

झरियाचं नाव कोल्हापूरला परकं नाही. इथल्या फौंड्र्यांच्या कुपोला भट्ट्या (बीड वितळवायच्या) कोकवर, म्हणजे भाजून काढलेल्या दगडी कोळशावर, चालल्या, आणि देशात कोकचा कोळसा मुख्यतः तिथलाच. म्हणून आज घाई करायची असेल तर ती शाहू मिलपेक्षा शहरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत करायला हवी. शाहू मिलला निदान नाव आहे, वाद घालायला माणसं आहेत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं उभ्या केलेल्या त्या गल्ल्यांत, ऑइल इंजिनं ओतणाऱ्या शेडमध्ये, वारसा भंगाराच्या वजनकाट्यावर रोज जातो आहे आणि त्यावर कुणी सभाही घेत नाही.

कुपोला बघा. विटांचं अस्तर असलेलं उभं नळकांडं. तळाशी कोकचा थर पेटवून लाल करायचा, मग वरून कोक, चुनखडी, बिडाचे तुकडे असे थर द्यायचे, खालून पंख्यानं हवा मारायची. चांगल्या कोकवर एक किलोला सहा ते आठ किलो वितळलेल्या बिडाचा रस निघायचा. देशी कोकमध्ये राख जास्त, म्हणून चुनखडीही जास्त, कोकच्या चौथ्या हिश्शाच्या पुढे, नाहीतर मळी (वितळलेला गाळ) घट्ट होऊन हवेची तोंडं बुजायची. तुकडा मोठा पडला की वर चार्ज, म्हणजे भट्टीत टाकलेला माल, अडकायचा. भट्टीवाला आवाजावरून ओळखायचा. संध्याकाळी बूड उघडून उरलेला निखारा पाडायचा, सकाळी आत उतरून मळी छिन्नीनं काढायची, अस्तराला मातीचा लेप. आता इंडक्शन भट्टी आली. धूर गेला, रसाचा हिशेब पक्का झाला. कुपोला परत आणा असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. पण एकही कुपोला तिच्या चार्जिंगच्या माचीसकट, पंख्यासकट, बूड पाडायच्या खड्ड्यासकट, ओतायच्या वाळूच्या जमिनीसकट ठेवायची नाही का? एखादं इंजिन उचलून चौकात मांडणं हे उत्तर नाही. त्याला रुपेरी रंग फासला की नावाची पट्टी आणि नंबर रंगाखाली जातात, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या जॅकेटमध्ये राहिलेलं पाणी आतून लोखंड खातं आणि फ्लायव्हील वर्षभरात जाम होतं. ठेवायचंच तर पाणी काढा, उघड्या घासलेल्या भागाला ग्रीस, सिलिंडरमध्ये तेल, आणि महिन्याला चाकाला पाव फेरा.

आणि सगळ्यांत आधी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा पाडायचा लाकडी नमुना. इंजिनाचा प्रत्येक भाग आधी सागवानात कोरलेला असतो, खऱ्या मापापेक्षा किंचित मोठा, कारण बीड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं. ते मोजायला पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी, मुळात वाढवून आखलेली. लाकडाचे तुकडे असे जोडलेले की पावसाळ्यात फुगले तरी माप हलू नये. ड्रॉइंग अनेकदा कधी नव्हतंच. ड्रॉइंग म्हणजे तो पॅटर्न. कारखाना विकला जातो तेव्हा यंत्रांचा लिलाव होतो, शेडची किंमत होते, आणि माळ्यावरच्या पॅटर्नना विचारतं कोण? कोरडं सागवान, झकास जळतं. ते पोत्यात भरून कामगारांच्या घरी जातं आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात संपतं. एका माळ्यावरचे पॅटर्न मोजून, चारी बाजूंनी फोटो काढून, त्यावरचे खडूचे नंबर उतरवून घ्यायला तंत्रनिकेतनाच्या चार विद्यार्थ्यांना एक सुट्टी पुरते, आणि ज्यांना ते नंबर अजून वाचता येतात ते पॅटर्नमेकर साठी-सत्तरीत आहेत.